ह्वे शहरातील शाकाहारी ताट

व्हिएतनाम म्हटले की आपल्याला आठवते ते युद्ध. ते १९७५ साली संपले. त्या देशाच्या मध्यभागी ह्वे नावाचे जुने शहर आहे. १८०२ ते १९४५ पर्यंत ही राजधानी होती. नदीकाठचा थिएन मू हा बौद्ध मठ तर १६०१ सालचा. अशा परमुलखात शाकाहारी माणसाने जेवावे कुठे, असा प्रश्न तुम्हाला पडेल. यात्रेला निघताना आम्हीही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. तिला फारसा हात लावावा लागला नाही.

तिकडे गेलात तर खानावळीच्या पाटीवर 'चाय' हा शब्द शोधा. हा चहा नव्हे! त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी. इतर खानावळीत नुसती भाजी मागितली तरी तीत खारवलेल्या मासळीचा रस असण्याचा संभव असतो. चायच्या खानावळीत त्याऐवजी सोयाबीन आंबवून केलेला खारट सॉस वापरतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, पुष्कळ बौद्ध घरांत मांस-मासे वर्ज्य असतात. त्या दिवशी या खानावळींत गर्दी होते. मठांच्या स्वयंपाकात तर कांदा-लसूणही चालत नाही. आपला चातुर्मासच म्हणा ना!

आता ताटाकडे वळू. पहिल्याने आला वाडगाभर गरम रस्सा. मुळा, गाजर आणि अळिंबी उकळून केलेला, गवती चहाचा वास असलेला. त्यात तांदळाच्या शेवया, अगदी कोकणातल्या शिरवाळ्यांसारख्या. मग केळफुलाची कोशिंबीर, वर भाजलेल्या शेंगदाण्यांचे भरड कूट. कोवळ्या फणसाची भाजी. तांदळाच्या पातळ पापडात पुदिना, कोथिंबीर आणि शेवया गुंडाळलेली वळकटी. हा पापड तळत नाहीत, पाण्यात बुडवून मऊ करतात. तांदूळ भिजवून वाटायचा, उकळत्या भांड्यावर ताणलेल्या फडक्यावर पातळ पसरून वाफवायचा आणि बांबूच्या ताटीवर उन्हात वाळवायचा. आपल्या फेण्या करणाऱ्या भगिनींना यात नवे काय सांगावे?

तिखट कमी, तेल कमी, पण ताजा पाला भरपूर. सुरुवातीला जेवण थोडे फिके लागते. तिसऱ्या घासाला जिभेला गोडी कळते.

माझे लक्ष मात्र वेधून घेतले ते गवती चहा आणि मिरचीवर परतलेल्या सोयाबीनच्या पनीराने. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. व्हिएतनामला लागणारे बहुतेक सोयाबीन बाहेरून आणावे लागते. त्यातले पुष्कळ तेल-पेंडीला जात असले, तरी साध्या खानावळीच्या ताटातही त्याचा वाटा असतो. आपल्या मराठवाडा-विदर्भात मात्र शेतेच्या शेते सोयाबीनने भरतात आणि मळणी होताच शेवटचे पोतेसुद्धा बाजारात जाते. घरात डाळ महाग म्हणून वरण पातळ होते, आणि प्रथिनांनी भरलेला दाणा व्यापाऱ्याच्या काट्यावर!

हे पनीर करणे अवघड नाही. रात्रभर भिजवलेले सोयाबीन पाणी घालून बारीक वाटा, फडक्यातून गाळा आणि दूध चांगले उकळा. तिकडे ते जिप्सम किंवा आंबट पाणी घालून नासवतात. आपल्याकडे लिंबाचा रस चालेल. मग फडक्यात बांधून वजनाखाली ठेवा. उकळण्यात कसूर करू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, ते शिजवल्यानेच निकामी होते. उरलेला चोथा थालीपिठात घाला आणि थालीपीठ चांगले भाजा.

तेव्हा यंदा मळणी झाली की पोती बाजारात नेण्यापूर्वी स्वच्छ सोयाबीनची एक पायली घरात काढून ठेवा. पेरणीसाठी औषध चोळलेले बियाणे मात्र चुकूनही खाण्यात येऊ देऊ नका. पहिल्या खेपेला नुसते मीठ-मिरची लावून तव्यावर परता आणि पोरांच्या ताटात वाढून पाहा.