मुमताज जैनाबादेत ‘ले’, आग्र्यात ‘लाइज’

उलगडलं! इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला पिढ्यान्‌पिढ्या चकवणारं ते क्रियापद एकदाचं उलगडलं, आणि तेही कुठे, तर जैनाबादेत! बुऱ्हाणपूरच्या समोर, तापीच्या पलीकडच्या काठावर, केळीच्या बागांमधून वाट काढत आहुखान्याकडे जाताना. घरी पोचल्यावर आधी वही उघडली आणि लिहायला बसले, कारण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

क्रियापद कोणतं, ते आधी सांगते. लाय. म्हणजे आडवं होणं, पडून असणं, एखाद्या जागी विसावलेलं असणं. त्याचा भूतकाळ ले, तिसरं रूप लेन. शेजारीच दुसरं क्रियापद उभं आहे, ले. म्हणजे ठेवणं, निजवणं, अंथरणं, अंडं घालणं. त्याचा भूतकाळ लेड, तिसरं रूपही लेड. आता बघा काय झालं आहे! पहिल्याचा भूतकाळ म्हणजेच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. कानावर ‘ले’ पडलं की ते काल घडलेलं की आज घडणारं, स्वतः पडलेलं की दुसऱ्याने ठेवलेलं, काही कळत नाही. त्यात आणखी एक लाय आहे, खोटं बोलण्याचं, ते लाय–लाइड–लाइड असं सरळ चालतं आणि गोंधळात भर घालतं. हा गुंता फक्त आपलाच नाही बरं का. खुद्द लॉर्ड बायरनने 1818 मध्ये ‘चाइल्ड हेरल्ड’च्या चौथ्या सर्गात यमक साधण्यासाठी जिथे लाय हवं तिथे ले घातलं आणि ती ओळ व्याकरणकारांच्या तोंडी कायमची बसली. ज्यांची ती मातृभाषा, त्यांचीही बोलताना रोज सरमिसळ होते.

माझी भाची दहावीला आहे. शाळा हिंदी, घर मराठी, बाजार दोन्हींचा. बुऱ्हाणपूरकडची बहुतेक मुलं अशीच वाढतात. तिला तिन्ही रूपं तोंडपाठ होती, पाढ्यासारखी घडाघडा म्हणायची. पण वाक्य करायची वेळ आली की ती चतुराईने ‘वॉज’ वापरून निसटायची. मुमताज जैनाबादेत ‘वॉज’. बरोबरच आहे ते, चूक कुठे आहे? पण लाय तिथेही वहीतच राहिलं.

तर आम्ही चालत होतो, मी तिला मुमताजची हकिकत सांगत होते, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की या एका हकिकतीत त्या क्रियापदाचा प्रत्येक काळ भरलेला आहे! शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज गेली. मुलगी गौहर आरा वाचली. बादशहाने बेगमेला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत, म्हणजे याच आहुखान्यात, तात्पुरतं दफन केलं. डिसेंबरमध्ये शाह शुजा हा पंधरा वर्षांचा मुलगा आईची शवपेटी घेऊन आग्र्याकडे निघाला आणि जानेवारी 1632 मध्ये ती यमुनेकाठी पोचली. आधी तिथल्या एका लहान घुमटाखाली, मग ताजमहालात. म्हणजे एकाच बाईला तीनदा ठेवलं गेलं, आणि ती तिन्ही ठिकाणी विसावली. ठेवणं आणि विसावणं, तेच तर ते दोन शब्द!

मी भाचीला म्हटलं, हे आधी मराठीत सांग. तिने सांगितलं, ‘मुमताज जैनाबादला विसावली. शहाजहानने तिला जैनाबादला ठेवलं.’

आणि मी वाटेतच थांबले. ‘शहाजहानने’! हा ‘ने’ बघा! पहिल्या वाक्यात मुमताज नुसती मुमताज आहे, तिला काही लागलेलं नाही. दुसऱ्यात शहाजहानला ‘ने’ चिकटला. इंग्रजीत पहिलं वाक्य ‘ले’ आणि दुसरं ‘लेड’. म्हणजे भूतकाळात कर्त्याला ‘ने’ आला की लेड, नाही आला की ले! इंग्रजी ज्या भेदावर अडखळते तो भेद मराठी आपल्या कर्त्याच्या शेपटीलाच बांधून ठेवते, आणि तोही नेमका भूतकाळात, म्हणजे जिथे गोंधळ होतो तिथेच. कोंबडीने अंडं घातलं, लेड. कोंबडी खुराड्यात पडून राहिली, ले. आईने सतरंजी अंथरली, लेड. आई जरा आडवी झाली, ले. आम्ही रस्त्याने एकेक वाक्य करून बघत होतो आणि प्रत्येक वाक्य बसत होतं. केळीचे घड खांद्यावर घेऊन जाणारी माणसं आमच्याकडे वळून पाहत होती. एकाने विचारलंच, ‘काय करून राहिल्या तुम्ही?’ भाचीने त्यालाही सांगून टाकलं.

यात थोर काही नाही असं कोणी म्हणेल. कर्तरी प्रयोग आणि कर्मणी प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेले असतात. मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचा केवढा ऊहापोह करून ठेवला आहे! पण प्रयोग आपण मराठीच्या पेपरासाठी शिकतो आणि लाय–ले इंग्रजीच्या पेपरासाठी. या दोन वह्या एकमेकींसमोर कोणी उघडून ठेवत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्याकडे कितीतरी घरं इंग्रजी शिकली. मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी घडवायचं ही ती रीत, आणि मला ती आजही सर्वांत शहाणी वाटते, कारण उत्तराचा अर्धा भाग मराठी वाक्यातच असतो.

भाची मात्र हुशार. तिने लगेच कोंडीत पकडलं. ‘मावशी, मी म्हटलं की “ने” कुठे असतो? “मी पुस्तक ठेवलं.” इथे “ने” नाही, मग काय “ले” म्हणू?’ प्रश्न अगदी रास्त होता! मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आजच्या मराठीत ‘ने’ दिसत नाही. पण तो आत आहे. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘म्या सांगितलं’ येतं ना, तो ‘म्या’ म्हणजे ‘ने’वाला मी! आणि तेही कानावर नसेल, तर क्रियापदाकडे बघायचं. मी निजले, मी निजलो, इथे क्रियापद माझ्याप्रमाणे बदलतं. मी पुस्तक ठेवलं, मी वही ठेवली, इथे ते माझ्याकडे बघतच नाही, वस्तूकडे बघतं. वस्तूकडे बघितलं की लेड. आणि बुऱ्हाणपूरच्या मुलांना तर आणखी एक सोय आहे: शाळेची हिंदी! ‘मैं लेटा’ पण ‘मैंने रखा’. मराठीत लपलेला ‘ने’ हिंदीत डोळ्यांसमोर येतो. दोन भाषांत वाढल्याने मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं असं म्हणणाऱ्यांनी इथे यावं. या मुलांजवळ एकाच्या जागी दोन चाव्या आहेत.

मग वारा आला, म्हणजे उदाहरणात आला. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ सुटलं की या पट्ट्यात केळीच्या बागाच्या बागा आडव्या होतात. इथल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. भाची म्हणाली, ‘वाऱ्याने झाड पडलं. इथे “ने” आहे, पण कोणी काही पाडलं नाही.’ हा पेच मला सर्वांत आवडला. या वाक्यात पडणारं झाड आहे, कर्ता झाड आहे, आणि त्या झाडाला ‘ने’ लागलेला नाही. वाऱ्याचा ‘ने’ हा कारणाचा. ‘वाऱ्याने झाड पाडलं’ म्हटलं की वारा कर्ता झाला. तेव्हा ‘ने’ शोधायचा तो कर्त्याला, इतर कुठल्या शब्दाला नव्हे. एवढं सांभाळलं की पुरे.

आणि पडणं–पाडणं म्हणताक्षणी दुसरा गड सर झाला! इंग्रजीत पडणं म्हणजे फॉल, भूतकाळ फेल. पाडणं म्हणजे फेल, भूतकाळ फेल्ड. पुन्हा तीच रचना! पहिल्याचा भूतकाळ तो दुसऱ्याचा वर्तमान. झाड पडलं, फेल. वाऱ्याने झाड पाडलं, फेल्ड. ‘ने’ आला आणि शेवटी ड आला. मग जोड्यांची रांगच लागली. सिट आणि सेट, बसणं आणि बसवणं. राइज आणि रेज, चढणं आणि चढवणं. तापीचं पाणी चढलं, रोज. मजुरांनी बांध चढवला, रेज्ड. या सगळ्या जोड्यांत दुसरं क्रियापद सरळ चालीचं आहे, त्याचा भूतकाळ ड किंवा तसाच राहणारा. वाकडी चाल आहे ती पहिल्याची, जे आपलं आपण होतं त्याची.

हे असं का, हे कळल्यावर तर मी अक्षरशः टाळी वाजवली. फार जुन्या काळी, इंग्रजीच्या पूर्वज भाषेत, ‘करणं’ वरून ‘करवणं’ बनवायला ‘य’सारखा एक प्रत्यय लागायचा. तो लागून लाय वरून ले झालं, सिट वरून सेट झालं. नंतर प्रत्यय झडला, मागे फक्त बदललेला स्वर राहिला. आणि संस्कृतात? सद् म्हणजे बसणं, सादयति म्हणजे बसवतो. पतति, पडतो, पातयति, पाडतो. तोच ‘य’! दोन्ही भाषाकुळांनी एकाच मूळ भाषेकडून घेतलेला. संस्कृतातलं पातयति प्राकृतातून घासत घासत आपलं पाडणं झालं, मारयति मारणं झालं. इथेही ‘य’ झडला आणि स्वर तेवढा बदललेला उरला. पडणं–पाडणं, मरणं–मारणं, तरणं–तारणं, चरणं–चारणं, गळणं–गाळणं, आणि तिकडे सिट–सेट, लाय–ले. हे एकाच घराण्याचं चलन आहे! मराठी माणूस ते जन्मापासून बोलतो आहे. परीक्षेच्या आधी रात्र जागून पाठ करायची ती गोष्ट नव्हे.

आहुखान्यात पोचल्यावर आम्ही पायरीवर बसलो आणि उरलेले काळ लावले. जून ते डिसेंबर 1631, मुमताज इथे ‘ले’. शाह शुजा निघाला तोवर ती इथे सहा महिने ‘हॅड लेन’. एक भूतकाळ दुसऱ्या भूतकाळाच्या मागे. आग्र्याला तिला ठेवण्यात आलं, ‘वॉज लेड’. आज ती तिथे ‘लाइज’. मग आला मराठी माणसाला सर्वांत अवघड जाणारा काळ. मराठीत आपण म्हणतो, मुमताज 1632 पासून आग्र्यात आहे. ‘आहे’, सरळ वर्तमान. म्हणून इंग्रजीतही आपण ‘इज लाइंग सिन्स’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीला मात्र सुरुवात भूतकाळात आणि शेवट आत्ताच्या क्षणात, दोन्ही टोकं धरायची असतात. ती म्हणते ‘हॅज लेन’. तेव्हा मराठी वाक्यात ‘पासून’ आणि ‘आहे’ जोडीने दिसले की हॅज किंवा हॅव घ्यायचं आणि पुढे तिसरं रूप. लेन हे रूप एरवी कुणाच्या तोंडी येत नाही, बिचारं तक्त्याच्या कोपऱ्यात पडून असतं. इथे त्याला जवळजवळ चारशे वर्षं पेलायला मिळाली.

आणि जैनाबादचं नावच बघा ना! 1400 च्या सुमारास नासिर खान फारुकीने तापीकाठी नगर वसवलं, त्याला बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव दिलं. समोरच्या काठावरच्या वस्तीला त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचं. दोघेही तेव्हा हयात नव्हते, दोघेही खुलताबादेत होते. नगर वसलं तेव्हा ते तिथे कित्येक वर्षं ‘हॅड लेन’. आजवर धरून बोलायचं तर ‘हॅव लेन’. 1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला वारला, त्याचा देह खुलताबादला नेला आणि झैनुद्दीनांच्याच दर्ग्याच्या आवारात ‘वॉज लेड’. ज्या औरंगजेबाचं तरुणपणी याच जैनाबादेत हिराबाईवर मन जडलं, जिला पुढे जैनाबादी म्हणूनच ओळखलं गेलं, तो शेवटी जैनाबादला नाव देणाऱ्या संताच्या शेजारी! भाचीने हे वाक्य एका दमात इंग्रजीत लिहिलं, एकही ‘वॉज’ उगाच न घालता. मी वही हातात घेऊन दोनदा वाचली.

मग तिने विचारलं, मिर्झाराजा जयसिंगांचं काय? तेही 1667 मध्ये बुऱ्हाणपुरातच गेले, त्यांची छत्री तापीकाठीच आहे. पण त्यांचं दहन झालं, त्यांना लायही लागू नाही आणि लेही नाही. तिथे छत्रीलाच कर्ता करायचं, आणि छत्रीला लागतं स्टँड. स्टँड, स्टुड, स्टुड. ‘आणि उभं करणं?’ ती म्हणाली. तेही स्टँडच, मावशीला ठाऊक आहे तेवढ्यात तरी एकाच शब्दात दोन्ही. ‘मग इथे “ने” काय करेल?’ तिचे डोळे चमकत होते. उद्या सकाळी छत्रीकडे जायचं ठरलं आहे, वही घेऊन.