एकट्या उंदराचे पोट

उंदीर हा जात्याच संगतीचा भोक्ता. एका पिंजऱ्यातील उंदीर परस्परांचे अंग चाटतात. इतकेच नव्हे, लेंड्याही खातात! ऐकून किळस येईल खरी. परंतु त्याच वाटेने एकाच्या आतड्यातील जीवाणू दुसऱ्याच्या आतड्यात जातात. प्रयोगशाळेत एखाद्यास एकटे ठेवले, की ही देवघेव खुंटते. दाणापाणी तेच असूनही त्याच्या पोटातील जीवाणूंचा मेळा बदलू लागतो.

या जीवाणूंचा मनाशीही संबंध आहे. जंतुरहित वाढविलेले उंदीर जखडून ठेवले असता त्यांच्या रक्तात ताणाचे द्रव्य इतरांहून अधिक वाढते. एक उपकारक जीवाणू वेळीच पोटात वसविल्यास तो अतिरेक ओसरतो, असे जपानी संशोधकांना २००४ साली आढळले.

उंदरांवरून माणसाविषयी घाईने निष्कर्ष काढू नये. तरीही बीड जिल्ह्यातील माणसास हे वाचून मागे राहिलेली मुले आठवतील. दसरा-दिवाळी सरली, की येथील असंख्य ऊसतोड मजूर दूरच्या कारखान्यांकडे निघतात. कित्येकांची मुले आजीपाशी राहतात. पहिले काही दिवस त्यांस घास गोड लागत नाही. अशा मुलांसाठी अनेक गावांतील शाळांतून हंगामी वसतिगृहे निघाली. तेथे पुस्तकांइतकीच मोलाची ठरली ती पंगत. शेजारच्या ताटातील भाकर उचलण्याचा हक्कही तीतच आला!