नऊची गोळी
किमोच्या दिवशी सलाइनमधून डेक्सामेथासोन गेलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. ते प्रकरण किमोबरोबर संपलं. आता स्तनांच्या कर्करोगावरचं लेट्रोझोल हे औषध. मध्यरात्री अंगातून वाफा निघतात, मान घामाने चिंब होते. पांघरूण लाथाडायचं आणि थोड्या वेळाने कुडकुडत पुन्हा ओढायचं.

ताई म्हणाली, ‘मेलाटोनिन घे गं, नैसर्गिक असतं.’ नैसर्गिक तर धोतराही असतो! कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारूनच ३ मिलिग्रॅम सुरू केलं. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हेच संप्रेरक सोडते. १९५८ मध्ये येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी ते गुरांच्या ग्रंथींतून वेगळं काढलं. गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ; शोधत होते कातडीच्या रंगाचं कोडं, झोपेचं नव्हे. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी स्तनांच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या बायकांना एवढीच मात्रा चार महिने देऊन पाहिली. झोप सुधारली, वाफा मात्र तशाच राहिल्या. माझंही तेच. पण मध्येच जाग आली तरी आता पुन्हा डोळा लागतो, हे काय थोडं आहे?

नऊला गोळी घेते आणि दिवाणखान्यातला मोठा दिवा मालवते. अंधारात पेपर कसा वाचायचा, म्हणून हे कुरकुरतात. कुरकुरू देत.