झाड गेले, मीठ आले

पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ शहर सोडून पूर्वेला निघावे, डोंगररांग ओलांडावी, की गव्हाचा मुलूख लागतो. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा. भूमध्य समुद्राकाठी असते तसे हवामान. दूरवर गहू आणि मेंढ्यांची कुरणे. मात्र सखल भागात पांढरी फटफटीत माती आणि वाळलेल्या झाडांचे सांगाडे दिसतात. तिथे पेरलेले उगवत नाही.

शेती सारी कोरडवाहू. मग जमीन क्षारपड कशाने झाली?

पूर्वी येथे नीलगिरीच्या जातीचे रान होते. समुद्रावरून पावसाबरोबर आलेले मीठ हजारो वर्षे जमिनीत खोल साठत गेले. झाडांची खोल मुळे बारमाही पाणी शोषीत, म्हणून ते मीठ खालीच राहिले. गव्हासाठी रान तोडले. गव्हाची मुळे उथळ, पीक काही महिन्यांचे. उरलेले पाणी खाली मुरले, भूजल चढले आणि मीठ वर घेऊन आले.

रेल्वेचे इंजिनियर डब्ल्यू. ई. वुड यांनी १९२४ सालीच हे कारण लिहून ठेवले होते. तरी तोड पुढे कित्येक दशके चालली. आता १० लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारावली आहे. शेतकरी पुन्हा झाडांचे पट्टे आणि मेंढ्यांना चालणारी खारी झुडपे लावतात. पण चढलेले पाणी लवकर उतरत नाही.

आपल्या सांगली-कोल्हापूरकडे ऊसपट्ट्यात जादा पाण्याने भूजल चढले, तिथे झाडे गेल्याने. शेतकरी बंधूंनो, बांधावरच्या झाडाचा हिशेब नुसत्या सावलीवर आणि सरपणावर करू नये.