गावाची ठेव आणि गावाचे कर्ज

तेरेखोल नदीच्या काठचे आमचे बांदा हे गोव्याच्या सरहद्दीवरील पेठेचे गाव. आदिलशाही अमदानीपासून घाटावरचा आणि बंदराकडचा माल येथून ये-जा करीत आला असल्यामुळे हुंडी, तारण आणि उधारी यांचा व्यवहार या गावाला कधीच परका नव्हता. आणि तरीही, समाजशास्त्राचा अभ्यासक म्हणून माझी हयात ज्या एका प्रश्नामागे गेली, तो प्रश्न मला प्रथम याच मुलखात पडला : जेथे ठेवींना तोटा नाही, तेथील काजूच्या बागाईतदाराला आणि बाजारात बसणाऱ्या बाईला भांडवलासाठी दारोदार का फिरावे लागते?

कोकण दरिद्री आहे म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरेही आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांच्या मनिऑर्डरींवर येथील घरे पिढ्यानपिढ्या चालली. 1969 च्या जुलैमध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या, तेव्हा त्याच मिळकतीतली शिल्लक ठेवींच्या रूपाने तेथे साचू लागली. परंतु ती ठेव कर्ज होऊन गावात परतण्याऐवजी बहुधा मोठ्या शहरांची वाट धरी. 1982 च्या संपानंतर ज्यांना गिरणीचे दार बंद झाले आणि जे गावी परतले, त्यांना धंद्यासाठी पैसा हवा होता. त्यांच्याच बचतीवर उभ्या असलेल्या शाखांनी त्यांच्यापाशी प्रथम मागितला तो सातबारा.

सातबाऱ्याचे हे प्रकरण कोकणाबाहेरील वाचकास चटकन उमगणार नाही. जमीन सामायिक, उताऱ्यावर आजे-पणजांच्या वारसांची रांग, त्यांतील कित्येक मुंबईस, कित्येक मयत. सर्व सहहिस्सेदारांची संमती मिळाल्यावाचून गहाणखत व्हावयाचे नाही, आणि 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाच्या 85 व्या कलमान्वये वाटप करून घ्यावे म्हटले, तर भावाभावांतील जुने तंटे प्रथम मिटले पाहिजेत. म्हणजे बँकेच्या दप्तरात जो केवळ कागदपत्रांचा दोष म्हणून नोंदला जातो, तो मुळात कुटुंबसंस्थेचा प्रश्न असतो. आणि म्हणूनच बँकेचा अभ्यास एकट्या अर्थशास्त्रज्ञावर सोपवून भागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याच्या कर्त्यांना हे कळले होते. जर्मनीत रायफायझन याने उभारलेल्या पतपेढ्यांचा नमुना समोर ठेवून त्यांनी ग्रामीण सोसायट्यांची जबाबदारी अमर्यादित ठेवली : एकाने बुडविले तर भरपाई सर्वांनी करावयाची, तेव्हा कोणास सभासद करून घ्यावे हे परस्परांस ओळखणाऱ्यांनीच ठरवावे. तरी 1951-52 च्या पाहणीवरून गोरवाला समितीने जो अहवाल दिला, त्यात शेतकऱ्याच्या एकंदर कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3.1 टक्के निघाला, आणि सावकारांचा सुमारे 70. अपयशाचे खापर कोणी अज्ञानावर फोडले, कोणी नोकरशाहीवर. मला वाटते, माणसांच्या परिचयाची जागा रकान्यांनी घेतली तेथेच सोसायटी दुबळी झाली. एका वृद्ध सचिवांनी मला सांगितले होते, "आधी माणूस बघूचो, मगे सातबारो." त्यांची थकबाकी आसपासच्या कोणत्याही सोसायटीपेक्षा कमी होती.

दूर शिकागोत हाच प्रश्न वेगळ्या वेषात उभा राहिला. साउथ शोअर वस्तीत कृष्णवर्णीय कुटुंबे राहावयास येताच गोऱ्यांनी काढता पाय घेतला, आणि बँकाही वस्तीच्या ठेवी घेऊन कर्जे इतरत्र देऊ लागल्या. 1973 मध्ये चौघा स्नेह्यांनी तेथील बँकच विकत घेऊन ती त्याच वस्तीच्या उत्कर्षासाठी चालविली. त्यापूर्वी ओरिसातील प्रशासनाचा अभ्यास केलेले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टाउब यांनी 1988 च्या आपल्या ग्रंथात त्या प्रयोगाचे परीक्षण केले. छोट्या दुकानदारांना दिलेली आरंभीची कर्जे फारशी फळली नाहीत. भाड्याच्या जीर्ण इमारती दुरुस्त करणाऱ्या स्थानिकांना दिलेल्या कर्जांनी मात्र वस्ती सावरली. घरांच्या किमती कोसळल्यावर 2010 मध्ये ती बँक बुडाली. सद्हेतू हा भांडवलाचा पर्याय नव्हे, हा त्यातला धडा मी गंभीरपणे घेतो. परंतु मधल्या 37 वर्षांत उभी राहिलेली घरे त्यामुळे खोटी ठरत नाहीत.

आपल्याकडे साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवड येथे, चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नामंजूर केला, तेव्हा त्या अक्षरे शिकल्या आणि अधिकाऱ्यांपुढे जाऊन, व्याजाची आकडेमोड आमच्याइतकी जलद करून दाखवा, असे त्यांनी सांगितले. परवाना मिळाला. बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या बाईच्या पथारीपर्यंत जाऊन रोजची बचत घेणे, ही त्या बँकेची रीत, तिच्या आयुष्याच्या चालीशी जुळणारी असल्यामुळेच टिकली.

सिंधुदुर्गात असे का होऊ नये? ज्यांच्या ठेवी आपल्या गावच्या सहकारी बँकेत वा पतसंस्थेत आहेत, त्या मुंबई-पुण्याच्या आप्तांना माझी विनंती आहे : गणपतीला येता, तसे एकदा वार्षिक साधारण सभेलाही या, आपल्या ठेवीपैकी किती रक्कम याच गावात कर्ज म्हणून गेली, हा प्रश्न अध्यक्षांना विचारा, आणि जाण्यापूर्वी सामायिक सातबाऱ्यावरील आपल्या भावाला लागणाऱ्या संमतीपत्रावर सही करून जा.