जड पाणी

आज कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तरी तुरीची डाळ बोटाखाली कडकच लागली. डाळ चांगली होती. दोष बोअरच्या पाण्याचा.

वाशीम शहराला एकबुर्जी धरणाचं पाणी मिळतं. पण आमच्या कडेच्या वस्तीत उन्हाळ्यात बोअरच तारतो. इथला खडक बेसाल्टचा. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. हेच कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं आणि डाळ मऊ होऊ देत नाही. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, नळाच्या तोंडाशी पांढरा थर साचतो. गिझरची कॉइल काढली, तर चुन्यात बुडवल्यासारखी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो.

आजी पावसाळ्यात पागोळ्यांखाली घागर लावायची. "या पाण्यात वरण लोण्यासारखं शिजते," म्हणायची. पावसाचं पाणी खडकाला शिवलेलंच नसतं, म्हणून ते मऊ, हे मला फार उशिरा कळलं.

पाणी उकळून, निवळून घेतलं की थोडा कठीणपणा तळाशी बसतो. तेवढं रोज करते. पण यंदा मृगाआधी छताचं पाणी टाकीत उतरवणारा पाइप लावायचाच. आजीची घागर मला परत हवी आहे.