अर्ध्या भाराचे दिवस

इंजिन बांधून झालं की मी लगेच गाडी चालू करत नाही. आधी स्टॉपची वायर ओढून ठेवतो, म्हणजे पंपातून डिझेल सुटत नाही, आणि दहा-बारा सेकंद सेल्फ फिरवतो. थांबतो, पुन्हा फिरवतो. नजर ऑइल प्रेशरच्या काट्यावर असते. काटा हलला की तेल क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोचलं. बांधताना बोटानं लावलेलं तेल पहिल्या काही फेऱ्यांपुरतंच असतं. त्यापुढं कोरडं फिरलं तर नवी बेअरिंगं तिथल्या तिथं जातात. काटा उठेपर्यंत मी शेजारी कुणाला बोलू देत नाही.

परभणीत ट्रकची इंजिनं बांधतोय त्याला तीस वर्षं होत आली. हातातून जास्त गेली ती टाटाची जुनी सहा सिलिंडरची. टेल्को आणि डाइमलर-बेन्झ यांनी मिळून 1954 साली ट्रक काढायला सुरुवात केली. 1969 ला तो करार संपला, पण 97 मिलिमीटर बोअर आणि 128 मिलिमीटर स्ट्रोकचं त्याच घराण्यातलं इंजिन पुढं कित्येक वर्षं आपला माल वाहत राहिलं. 2000 आरपीएमला त्याचा एकेक पिस्टन मिनिटाला अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर लायनरमध्ये वर-खाली तोडतो. एवढ्या घासाघासीत रिंग आणि लायनर यांचं एकमेकांशी जुळायचं असतं. आम्ही त्याला रिंगा बसणं म्हणतो.

रिंग बसते कशी, हे कळायला मला एक इंजिन घालवावं लागलं.

मी शिकलो त्या गॅरेजात नियम होता: नवं इंजिन दोन दिवस स्लोवर सोडायचं, मग हजार किलोमीटर गाडी रिकामी पळवायची. नवी वस्तू आहे, जपायला हवी, हे ऐकायला पटतंच. एकट्यानं बांधलेलं पहिलं इंजिन मी तसंच जपलं. तीन महिन्यांनी मालक परत आले. म्हणाले, "मिस्त्री, गाडी तेल खायलीय." हेड उतरवलं तर लायनर काचेसारखा चकाकत होता. होनिंगच्या तिरप्या रेघा, ज्यांच्यात तेल थांबायला हवं, त्या तपकिरी लाखेनं भरून गेल्या होत्या. ते काम मी माझ्या पैशानं पुन्हा केलं आणि त्या दिवसापासून तो नियम सोडला.

रिंग स्वतःच्या ताणानं भिंतीला टेकते, पण तो ताण थोडा. खरा जोर जळणाऱ्या वायूचा. वायू रिंगच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला भिंतीवर दाबून धरतो. भार जास्त तेवढा हा दाब जास्त, आणि या दाबानंच होनिंगच्या रेघांची टोकं झिजून रिंगेची कड तिथं बसते. स्लोवर चालणाऱ्या इंजिनात दाब येत नाही. सिलिंडर थंड राहतो, डिझेल अर्धवट जळतं, भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. आणि रिंगेनं न पुसलेलं तेल हळूहळू भाजून लाखेसारखं चिकटतं. एकदा ती काच चढली की पुढं कितीही पळवा, रिंगा बसत नाहीत. म्हणून माझं इंजिन स्लोवर थांबत नाही. चालू झालं की हजार-बाराशे आरपीएमवर वीस मिनिटं, तेवढ्यात गळती बघून घ्यायची, आणि गाडी रस्त्यावर.

तीही भरलेली. दहा टनाच्या गाडीत पाच टन. सरकीची पोती मला सगळ्यात बरी वाटतात, भार सारखा बसतो. मालकांना हे पटवणं अवघड जातं. कुणी म्हणतं रिकामीच पळवू, कुणी म्हणतं पैसा ओतलाय तर आजच पूर्ण भरू. शेतकरी मालक असेल तर मी एवढंच विचारतो: तुमचा लाल कंधारी गोऱ्हा दावणीला बांधून कामाला शिकला का? आणि पहिल्याच दिवशी त्याला खोल नांगरटीला जुंपला होता का? तो आधी वखराला चालतो. मग मालक पाच टनाला हो म्हणतात.

पहिली फेरी बहुतेक गंगाखेडची. गोदाकाठापर्यंत रस्ता सपाट आहे, म्हणून इंजिनाला चढ नाही तर माल दाबतो. मी ड्रायव्हरशेजारी बसतो. चौथ्या गिअरात पन्नासपर्यंत दाबून न्यायची, पाय काढायचा, तिसापर्यंत उतरू द्यायची, पुन्हा दाबायची. दाबलं की रिंग भिंतीला भिडते, सोडलं की तिला गारवा मिळतो. एकाच वेगानं तासभर धरायची नाही. आणि टॉप गिअरात कुंथवायची तर अजिबात नाही. कमी फेऱ्यांत जास्त जोर मागितला की तेलाचा पापुद्रा फाटतो. तिनेकशे किलोमीटर झाल्यावर जिंतूरकडं नेतो. जिल्ह्यात डोंगर म्हणावा असा तिकडंच, तिथले चढ इंजिनाचं खरं बळ सांगतात.

नवं इंजिन घट्ट असतं, म्हणून तापतं. आमच्याकडं त्यात दोन गोष्टींची भर पडते. एक, बोअरचं जड पाणी. रेडिएटरमध्ये ते घालू नका, त्याचे थर आतल्या नळ्या बुजवतात. दुसरी, कापूस. मानवत-सेलूच्या जिनिंगच्या आवारात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या रेडिएटरची जाळी बघा, रुईच्या तंतूंनी गोधडीसारखी भरलेली असते. इंजिनात दोष शोधत बसलेले लोक मी पाहिलेत आणि दोष जाळीवर पांढरा दिसत होता. मागच्या बाजूनं हवा मारली की काटा उतरतो. एअर फिल्टरचंही तेच. काळ्या मातीची धूळ आत गेली तर नव्या लायनरला ती पॉलिश पेपरसारखी घासते.

रिंगा बसल्या हे ओळखायला मी मशिन वापरत नाही. इंजिन चालू ठेवून टॅपेट कव्हरवरचं तेलाचं झाकण सोडवतो आणि तोंडावर उलटं ठेवतो. पहिल्या दिवशी ते थडथड नाचतं, कारण वायू रिंगांच्या बाजूनं खाली निसटत असतो. दर फेरीला नाच कमी होत जातो. ज्या दिवशी झाकण जागच्या जागी नुसतं थरथरतं, त्या दिवशी मला शांत झोप लागते. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलतो, हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कला घेतो, टॅपेट लावतो. त्या पहिल्या तेलात चंदेरी झाक असतेच, तिला घाबरू नये. तांब्याचा रंग दिसला तर मात्र चेंबर खोलायचं, बेअरिंग बोलतंय. सुरुवातीला तेल साधं मिनरल घालावं. महागाचं सिंथेटिक तेल फार निसरडं, रिंगेला झिजूच देत नाही, असा माझा अनुभव.

बीएस-6 च्या नव्या गाड्यांना एवढं लागत नाही. कारखान्यातच लायनरच्या रेघांची टोकं कापून येतात. पण आमच्या लेथवर होनिंग केलेल्या ब्लॉकला हे दिवस द्यावेच लागतात, आणि कापसाचा, उसाचा माल वाहणाऱ्या कितीतरी गाड्या अजून अशाच ब्लॉकवर चालतात.

अडचण दिवसांचीच आहे. वर्षभर तेल खाणारी गाडी लोक दसऱ्याच्या तोंडावर आणतात. आठ दिवसांत जिनिंग सुरू होणार, कारखान्याचा धूर निघणार. मग नवं बांधलेलं इंजिन पहिल्याच फेरीला गच्च उसाखाली जातं, रिंगा ओरबाडतात, आणि संक्रांतीला तीच गाडी माझ्या दारात उभी. मालकांना माझी विनंती आहे: इंजिन बांधायचं असेल तर पोळ्याच्या आत गाडी आणा. बांधायला आठ दिवस, अर्ध्या भारानं हजार किलोमीटर फिरवायला दोन आठवडे. तेवढे मला द्या.